खरपूस

चमच्याच्या कडेला तपकिरी ओघळ वाळला होता. तिनं तो नखानं खरवडला — खमंग वास आला, आणि हा वास सकाळपासून आपल्या मागेच लागलाय असं तिला वाटलं... प्रयोगशाळेतही हाच. तिथं उंदरांची पिल्लं, इथं आपलं पिल्लू.

दूध सुटताना पोराला जे भरवतात त्यातली प्रथिनं अंगी किती लागतात, हे पाहणं तिचं काम. पीठ तेच, डाळ-तांदळाचं. एका पिंजऱ्याला बेताचं भाजलेलं, दुसऱ्याला लाल होईतो. लाल पिठावर पिल्लं तुटून पडतात, वाटी चाटूनपुसून लख्ख करतात — आणि वजनाला मात्र जिथल्या तिथे. जास्तीच्या आचेनं प्रथिनांचा कस जातो, वास तेवढा उरतो. आज पिंजऱ्यापुढे उभं राहून तिला त्यांचा रागच आला होता. खाता तरी कशाला, मेल्यांनो!

आणि घरी सासूबाई. दिवसभर बाळ त्यांच्या हवाली, म्हणून तर तिची नोकरी. तिनं केलेली पेज बाळ थुंकून टाकायचं, रोज. सासूबाईंनी पीठ लालबुंद भाजलं आणि पोरगी आ वासून बसायला लागली. तेव्हापासून म्हातारीच्या चालण्यातसुद्धा तोरा आला होता. बाळाचं वजन मात्र... परवा डॉक्टरीणबाई नुसतं "हं" म्हणाल्या. सांगायला हवं. आज सांगायचंच. पण सांगून काय — म्हातारीचा तोरा उतरवायचा, आणि उद्यापासून पोर पुन्हा उपाशी? इकडे आड तिकडे विहीर, आणि मधे मी, पायांचे तुकडे पडलेली.

तिनं चमचा धुतला आणि बाळाला मांडीवर घेतलं.

"भरव की, मघापासून तुझ्याकडेच बघतेय," सासूबाई ओट्याजवळून म्हणाल्या. "आणि उद्यासाठी डबा भरून ठेवलाय. मस्त खरपूस भाजलंय."

"आई —"

"काय गं?"

गरम आहे का पाहायला तिनं चमचा भरून ओठांना लावला, आणि नकळत घास गिळलाच. सकाळपासून पोटात काही नव्हतं. किती छान लागलं ते! डोळ्यांत पाणीच आलं. कुणीतरी आचेपुढे उभं राहून, आपल्यासाठी, जिवापाड जपून भाजलंय — अशी चव. पिल्लांवरचा राग कुठल्या कुठे गेला... त्यांचं तरी काय चुकलं?

"अगं, काय म्हणत होतीस?"

बाळानं तोंड उघडलं होतं. तिनं चमचा पुन्हा भरला आणि तो हातात तसाच धरून बसली. सांगायचं होतं ते सगळं तोंडात होतं, पण तोंडात ती चवही होती.