जयाताईंच्या वर्गातली बरणी

त्या शनिवारी जयाताईंनी मला पेनाने एकदा नाही, तीनदा वाजवलं.

एरवी एकच टिंग. तेवढ्यावर मुलं लिहायला लागायची आणि बारा मिनिटांनी दुसऱ्या टिंगला थांबायची. त्या दिवशी पहिल्या टिंगलाच सगळ्यांच्या माना वह्यांत गेल्या होत्या, तरी ताई वाजवतच राहिल्या. तिसरा ठोका इतका जोरात बसला की मला वाटलं, आता तडा जाणार. गेला नाही. पण कुठेतरी काहीतरी बिनसलंय, असं जे मनात आलं ते काही केल्या जाईना.

मी बरणी बोलतेय. काचेची, लाल पत्र्याच्या झाकणाची. काचेचा जन्म मिळाला, त्यामुळे दचकणं ओघाने आलंच. शेजारी कुणी शिंकलं तरी मला आधी वाटतं, झालं, पडले मी!

भट्टी मला आठवत नाही. आठवतं ते कर्वेनगरातलं हिंदुरावांचं दुकान. माझ्यात लिमलेटच्या गोळ्या असायच्या. शाळा सुटली की कोपरापर्यंत हात आत यायचे, आणि मुठीत गोळ्या जास्त झाल्या की तो हात माझ्या गळ्याशी अडकायचा. मग रडारड. पुढे प्लास्टिकच्या बरण्या आल्या आणि मी मागच्या फळीवर गेले. एकदा जयाताई खडूची पेटी घ्यायला आल्या आणि माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या. हिंदुराव म्हणाले, "बाई, नेणार असाल तर झाकणासकट न्या. नंतर झाकण मागायला येऊ नका."

ताईंनी मला पदराखाली धरून आणलं. तेवढ्या अंतरात मी शंभरदा दचकले असेन.

ताई महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झाल्या होत्या. बुद्धविहाराच्या वरच्या खोलीत दर शनिवारी चार वाजता त्या मुलांना लिहायला बसवायच्या. गोष्ट, कविता, काय सुचेल ते. पालक जिना चढून विचारायला यायचे.

"निबंधाचा क्लास ना हा?"

"नाही."

"मग मार्क कसे वाढणार?"

"वाढले तर आम्हालाही कळवा," ताई म्हणायच्या.

वर्गाची रीत अशी. ताई प्रत्येक मुलाच्या वहीतलं एखादं वाक्य निवडायच्या, आपल्या अक्षरात चिठ्ठीवर उतरवायच्या आणि माझ्यात टाकायच्या. खाली नाव नाही. पुढच्या शनिवारी ज्याच्या हाताला जी चिठ्ठी लागेल, त्याने त्या वाक्यापासून सुरुवात करायची. चार वर्षांपूर्वी कुणीतरी लिहिलेलं वाक्य आज दुसऱ्याच कुणाच्या गोष्टीला वाट करून द्यायचं. गोळ्या संपायच्या, ही वाक्यं संपली नाहीत. गेल्या बारा वर्षांतली सगळी मुलं आहेत माझ्या पोटात.

आणि एक नियम. कुणी वाचून दाखवलं की 'छान' म्हणायचं नाही. "छान म्हणणारा निम्म्या वेळा ऐकतच नसतो," ताई सांगायच्या. काय दिसलं ते सांगायचं. हा नियम त्यांच्या वडिलांचा, नागोरावांचा. ते पिंपरीच्या कारखान्यात होते, वाचता येत नव्हतं. लहानपणी ताई त्यांना आपली वही वाचून दाखवायच्या. ते डोळे मिटून ऐकायचे आणि म्हणायचे, "दिसलं." नाहीतर, "नाही दिसलं बेटा, पुन्हा वाच."

एकदा बद्रीनाथ नावाचे गृहस्थ मुलीला, संस्कृतीला, सोडायला आले. सातवीतली पोर. दारात उभं राहून त्यांनी एका मुलाचं वाचन ऐकलं आणि म्हणाले, "वा, छान!"

अख्खा वर्ग ओरडला, "सहा ओळी!" छान म्हणणाऱ्याला सहा ओळी लिहाव्या लागत.

"अहो, मी नुसता सोडायला आलो होतो."

"आलात ना? मग बसा," ताई म्हणाल्या. "चिठ्ठी उचला."

त्यांनी आपल्या आईबद्दल लिहिलं. भाकरी थापताना ती बांगड्या कोपराकडे सारायची, आणि जेवणं झाली की त्या आपोआप खाली यायच्या, असं. वाचता वाचता ते थांबले. मग कितीतरी वेळ खाली जिन्यावर बसून होते. त्यातलीही एक ओळ आहे माझ्यात.

पण माझी खरी गट्टी निकिताशी. ती आली तेव्हा टिंग झालं की जागच्या जागी उडायची. मला तर बहीणच भेटल्यासारखं झालं! ताईंनी ते पाहिलं आणि त्या दिवसापासून मला पेन्सिलीच्या रबराच्या बाजूने वाजवायला लागल्या. तिने पहिल्याच दिवशी लिहिलेलं वाक्य मला पाठ आहे. 'आमच्या घरात सगळ्यांत जास्त आवाज फ्रिजचा असतो.'

ताईंनी विचारलं होतं, "माणसं नसतात का गं घरात?"

"असतात," निकिता म्हणाली होती, "म्हणून तर लिहिलं."

ताई हसल्या नाहीत. त्यांनी लगेच ते वाक्य चिठ्ठीवर उतरवलं.

तीच निकिता पुढे कॉलेजात गेली आणि शनिवारी ताईंच्या हाताखाली शिकवायला येऊ लागली. आवाज तसाच, पुटपुटल्यासारखा. चटया घालताना माझ्याशी मात्र भरपूर बोलायची.

आता त्या तीन ठोक्यांच्या शनिवारबद्दल. रबराची पेन्सिल जाऊन पेन कधी आलं, हे तेव्हा कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. त्या दिवशी वाचायची पाळी संस्कृतीची होती. आता ती नववीत. वही तोंडासमोर धरून तिने वाचलं, "आजी गेली तेव्हा मी मोबाईलवर खेळत होते. डाव जिंकले म्हणून मी आनंदाने ओरडले. बाहेर सगळे रडत होते."

सगळे ताईंकडे बघायला लागले.

ताईंनी मान डोलावली, गोड हसल्या आणि म्हणाल्या, "छान."

सहा ओळी म्हणून कुणी ओरडलं नाही. संस्कृतीने वही मिटली, दप्तरात घातली आणि निघून गेली. पुन्हा आली नाही.

त्या दिवशी चटया गुंडाळताना निकिता माझ्याजवळ बसली. "ताईंना ऐकू येत नाहीये गं," ती म्हणाली. "त्या ओठांकडे बघतात. जे वही तोंडासमोर धरतात, त्यांनाच छान मिळतं. मी संस्कृतीला जिन्यात गाठलं. तिला वाटतंय ताई तिला हसल्या. वही फाडून टाकणार म्हणते. आता ताईंना सांगू कसं? लिहून दिलं तर तोंडावर मारल्यासारखं होईल."

पुढच्या शनिवारी तिने धीर केला. "ताई, तुम्हाला जरा..."

"काय पुटपुटतेस? शब्द गिळू नकोस. तुम्ही सगळी मुलं हल्ली तोंडातल्या तोंडात बोलता."

"काही नाही, ताई."

हे 'काही नाही' मला अजून टोचतं. माझ्यात चिठ्ठ्यांऐवजी आवाज असता तर!

मुलं कमी होत गेली. जूनमध्ये ताई म्हणाल्या, "पुरे झालं. कुणाला नीट वाचायचंच नसेल तर शिकवायचं कुणाला?" त्यांनी खोलीची किल्ली परत दिली आणि मला घरी आणून ओट्यावर, फ्रिजच्या कडेला ठेवलं. ऊन नाही, हात नाही, टिंग नाही.

निकिता एकदा घरी येऊन गेली. बेल चार वेळा वाजली, मी चारही वेळा दचकले. ताई तिथेच पालेभाजी निवडत होत्या, त्यांनी मान वर केली नाही. थोड्या वेळाने जिन्यावरून चपला उतरत गेल्या.

मग दर शनिवारी चार वाजता फोन. ताईंचा बटणांचा फोन माझ्याशेजारीच असतो. तो थरथरत सरकतो, मला येऊन टेकतो आणि मी किणकिणते. ताईंना पत्ता नसतो. नंतर नाव बघून म्हणतात, "हिच्याशी फोनवर काय बोलायचं? एक अक्षर कळत नाही."

आज शनिवार आहे. ताईंना शेंगदाणे ठेवायला बरणी हवी होती. त्यांनी माझं झाकण उघडलं आणि चिठ्ठ्या पेपरवर ओतायला मला आडवं केलं. संपलं सगळं, असंच वाटलं मला. एक चिठ्ठी गळ्याशी अडकली. ताईंनी ती बोटाने ओढली, उलगडली, वाचली.

'आमच्या घरात सगळ्यांत जास्त आवाज फ्रिजचा असतो.'

त्या हसल्या. मग हसू थांबलं. वळून त्यांनी फ्रिजकडे पाहिलं. तो माझ्या कानाशी केव्हाचा घरघरतोय. ताईंनी त्याच्यावर हात ठेवला. मग कान टेकवला, एक, मग दुसरा.

"चालू आहे की," त्या म्हणाल्या.

मला सरळ करून त्यांनी चिठ्ठ्या परत भरल्या. एकेक. एक हात माझ्या झाकणावर ठेवून त्या स्टुलावर बसून आहेत, आणि मी त्यांच्या हाताखाली जीव मुठीत धरून आहे. "मुलं नीटच वाचत होती," त्या एवढंच म्हणाल्या. आणि जरा वेळाने, "त्या पोरीला मी छान म्हणाले."

तुमच्या घरी अशी एखादी रिकामी बरणी असेल तर खुशाल शेंगदाणे भरा, माझं काही म्हणणं नाही. पण तुम्हाला लिहायला शिकवणारं माणूस अचानक सगळ्यांना छान म्हणायला लागलं, तर 'काही नाही' म्हणून उठू नका. त्याच्या समोर बसा आणि पुन्हा वाचा.

चार वाजले.

फोन थरथरला, सरकत आला, मला टेकला. मी किणकिणले, आणि ती थरथर झाकणातून ताईंच्या तळव्यात गेली. त्यांनी चमकून खाली पाहिलं. नाव वाचलं. फोन उचलला.

"निकिता, तुझं मला काही ऐकू येणार नाही, तेव्हा तू नुसतं ऐक. संस्कृतीला घेऊन घरी ये. वहीसकट. आणि बेल वाजवत बसू नका, दार उघडंच ठेवतेय."