नव्या हाताचा डाग

आमच्या लाँड्रीत इस्त्रीच्या तीन जागा आहेत. बॉयलरला लागून पहिली, ती आत्यांची. आत्या म्हणजे मालकीणबाईंची सख्खी आत्या, पण बोलण्याचालण्यात आम्हा सगळ्यांचीच. दुसरी जागा माझी. तिसरी अगदी टोकाला, खिडकीपाशी. ती नव्या बाईची. नवी बाई कितीही हुशार असली, आधी दहा ठिकाणी काम करून आलेली असली, तरी सुरुवात खिडकीपाशीच. हा इथला नियम आहे, आणि कोणी केला ते आत्यांनाही आठवत नाही.

दुसरा नियम दोऱ्याचा. कापड इस्त्री करून घडी घातली की कोपऱ्यात रंगीत दोऱ्याचा एक टाका घालायचा. आत्यांचा लाल, माझा निळा, तिसऱ्या जागेचा पिवळा. म्हणजे काही बिघडलं तर कोणाच्या हातून बिघडलं ते विचारावं लागत नाही.

आणि तिसरा म्हणजे नियम नव्हे, मालकीणबाईंचा सिद्धांत. नवा हात डाग पाडतो. पांढऱ्या कापडावर मोहरीएवढे तांबूस ठिपके. हात बसला की ठिपके थांबतात. ज्या बाईचा बसत नाही तिला जावं लागतं. गेल्या सहा वर्षांत खिडकीपाशी चौघीजणी आल्या आणि चौघी गेल्या. प्रत्येकीच्या घडीवर पिवळा टाका आणि शेजारी ठिपके. ती गेली की जागा रिकामी, आणि ठिपके बंद. यापेक्षा आणखी पुरावा काय हवा, असं बाई म्हणायच्या, आणि आम्ही माना डोलवायचो. मी तर मनापासून डोलवायची, कारण नवी असताना माझ्याही हातून ठिपके पडले होते आणि माझा हात बसला होता.

पाचवी आली ती वेगळी निघाली. पहिल्याच दिवशी आत्या तिला म्हणाल्या, "हा साबण त्या साबणापेक्षा चांगला."

"कशावरून?" तिनं विचारलं. उर्मटपणा नव्हता. खरंच जाणून घ्यायचं होतं.

"माझ्या वयावरून," आत्या म्हणाल्या, आणि संध्याकाळपर्यंत तिचं नाव 'कशावरून' पडलं. तिनंही ते हसून घेतलं.

कशावरूनला लाँड्रीच्या मागची खोली मिळाली होती, कामाबरोबरच. तिथे ती आणि तिचे मामंजी राहत. खोलीची एक भिंत बॉयलरची, त्यामुळे कायम ऊबदार. मामंजींचे गुडघे आखडलेले. ते त्या भिंतीला पाठ लावून बसत आणि म्हणत, "सूनबाई, तीन वर्षांनी मी कोणाचा हात न धरता उठलो." काम गेलं की खोली जाणार, भिंतही जाणार. हे तिनं कधी बोलून दाखवलं नाही. मामंजीच येता-जाता सगळ्यांना सांगत.

तिच्याही कापडावर ठिपके आले. दुसऱ्या आठवड्यात आणखी आले. बुधवारी दुपारी हॉटेलकडून तीन टेबलक्लॉथ परत आले, तिन्हींवर पिवळा टाका. बाईंनी ते टेबलावर पसरले.

"शुक्रवारी हॉटेलची मोठी गाडी यायची आहे," बाई म्हणाल्या. "तोवर हात बसला तर ठीक. नाहीतर तू दुसरीकडे बघ. मला वाईट वाटतं, पण चौघींना एक न्याय आणि पाचवीला दुसरा, असं कसं करू?"

"बाई, हात बसत नाही म्हणून डाग पडतात, हे कशावरून?"

"डाग पडलेत त्यावरून."

"आणि डाग का पडलेत?"

"हात बसला नाही म्हणून. किती वेळा सांगायचं?"

मला त्या बोलण्यात काहीतरी गोल गोल फिरल्यासारखं वाटलं, पण नेमकं काय ते कळेना.

"इस्त्रीत तर काही बिघाड नसेल?" मी हळूच विचारलं.

"गेल्या वर्षी कोरी करकरीत आणलीय, तुझ्यासमोर खोक्यातून काढली. एक तर इस्त्री खराब, नाहीतर हात. इस्त्री नवी आहे. मग उरला हात." हे बाई इतक्या ठामपणे म्हणाल्या की मला माझ्या प्रश्नाचीच लाज वाटली.

संध्याकाळी आम्ही दोघी घड्या मोजून ठेवत होतो. ती म्हणाली, "ताई, तुमचा हात कसा बसला?"

हे मी सहसा कोणाला सांगत नाही. तिला सांगितलं. मी नवी होते, रोज ठिपके पडत, रोज बोलणी बसत. शेवटी देवाला म्हटलं, एवढं संकट जाऊ दे, मी रोज सकाळी कामाला लागल्यापासून दहा वाजेपर्यंत मौन पाळीन. नेम धरला. आणि एकोणिसाव्या दिवशी ठिपके गेले, ते आजतागायत आले नाहीत. नेम मी सोडला नाही.

आत्या पलीकडून म्हणाल्या, "मौन कसलं, मी तिला माझी जुनी गादी दिली इस्त्रीखाली घालायला. त्यानं हात बसला."

"मी रोज डोकं खाल्लं म्हणून बसला," बाई जिन्यावरून म्हणाल्या. त्यांचे कान फार तीक्ष्ण.

कशावरून तिघींकडे बघत राहिली. मग मला म्हणाली, "एकोणिसाव्या दिवशी आणखी काय झालं होतं?"

"आणखी म्हणजे?"

"मौन होतं, गादी होती, बोलणी होती. ही तिन्ही अठराव्या दिवशीही होती. एकोणिसाव्या दिवशी नवीन काय झालं?"

मला लगेच आठवेना. घरी जाताना अर्ध्या वाटेत आठवलं आणि मी रस्त्यातच उभी राहिले. त्या दिवशी दुसऱ्या जागेवरची शिंकरी मुलीकडे कायमची राहायला गेली. तिला वाफेनं सारख्या शिंका यायच्या, म्हणून ते नाव. आणि तिच्या जागेवर मी आले, खिडकीपासून उठून.

सहा वर्षं मी ज्याला देवानं ऐकलं असं समजत होते, ते कदाचित शिंकरीचं सामान हलवणाऱ्या जावयानं केलं असेल. हा विचार मला आवडला नाही. तो खोटा ठरावा असं फार वाटलं. पण जे आवडत नाही ते खोटं असायलाच हवं, असंही काही नाही, आणि तिकडे एक म्हातारा भिंतीला पाठ लावून बसला होता.

गुरुवारी सकाळी मी आठला कामावर आले. तोंड बंद. सरळ खिडकीपाशी गेले, कशावरूनचे खांदे धरले आणि तिला माझ्या जागेवर नेऊन उभं केलं. तिच्या हातातला पिवळा दोरा तिच्याच हातात ठेवला. माझा निळा मी बरोबर घेतला आणि तिसऱ्या जागेवर उभी राहिले.

"हे काय नवीन?" आत्यांनी विचारलं. मी घड्याळाकडे बोट दाखवलं. "दहापर्यंत कोडंच घालून ठेवते ही," आत्या म्हणाल्या, आणि आपल्या कामाला लागल्या.

कशावरूनला एका क्षणात कळलं. तिनं काही विचारलं नाही. इस्त्री उचलली.

वीस मिनिटांत माझ्या पहिल्या टेबलक्लॉथवर ठिपका पडला. मग दुसरा. सहा वर्षांनी पुन्हा माझे ठिपके. खरं सांगते, वाटलं, तेव्हाचीच बोलणी पुन्हा बसणार. तरी घडी घातली आणि कोपऱ्यात निळा टाका घातला.

साडेनऊला बाई खाली आल्या. ठिपके दिसताच म्हणाल्या, "झालं. आजही." मग टाका पाहिला आणि डोळ्यांपुढे आणला. "निळा? दोऱ्यांची अदलाबदल कोणी केली?"

मी नकारार्थी मान हलवली.

"मग हे तुझं?"

मी मान डोलवली.

"तुझं कसं असेल? तुझा हात बसलेला आहे. बोल की."

मी घड्याळाकडे पाहिलं. दहाला पंचवीस कमी.

"मालकीण विचारतेय."

"मालकिणीपेक्षा मोठ्याला शब्द दिलाय तिनं," आत्या म्हणाल्या. "बस जरा."

बाई कपड्यांच्या टोपलीवर बसल्या, हात बांधून. कामाच्या वेळात बाई बसल्या आहेत हे दृश्य मी तोवर पाहिलं नव्हतं. तिसऱ्या मिनिटाला त्यांना राहवलं नाही.

"कळलं मला. हिनं हिला लावलं. नव्या हाताची लागण होते."

"आत्यांना का नाही झाली?" कशावरूननं विचारलं.

"आत्या लांब उभ्या असतात."

"आणि माझ्या आजच्या सात घड्या स्वच्छ आहेत. बघा, पिवळा टाका. काल दुपारपर्यंत न बसलेला हात आज सकाळी बसला?"

बाईंनी सातही घड्या उलगडल्या. उजेडात धरल्या. आठव्यांदा पहिलीच पुन्हा धरली. "रात्रीतून बसला असेल," त्या म्हणाल्या, पण आवाजात तो ठामपणा नव्हता.

"आणि ताईंचा त्याच रात्री उठला?"

"असेलही."

"बाई, तुमचं म्हणणं मला पटतंय असं धरून चालते," कशावरून म्हणाली. "मला फक्त एवढं सांगा, काय दिसलं तर तुम्ही म्हणाल की हाताचा दोष नाही? डाग पडले तर हात बसला नाही. नाही पडले तर हात बसला. जुन्या बाईचे पडले तर लागण. मग हात निर्दोष ठरायची वाट उरली कुठे?"

आत्यांनी इस्त्री उभी ठेवली, ऐकायला सोयीचं पडावं म्हणून.

"पण ती गेली की डाग जातात," बाई म्हणाल्या. "चार वेळा पाहिलंय मी. हे तर खोटं नाही ना?"

"नाही, ते अगदी खरं आहे. पण ती गेली की जागाही रिकामी होते. डाग कोणाबरोबर गेले, बाईबरोबर की जागेबरोबर? आजवर दोन्ही एकदमच गेल्यात. आज पहिल्यांदा वेगळ्या केल्या ताईंनी."

घड्याळात दहाचा ठोका पडला. तिघी माझ्याकडे वळल्या. इतक्या वेळाचं सगळं माझ्या मनात साठलं होतं आणि प्रत्यक्षात तोंडातून एवढंच आलं, "डाग माझे आहेत, बाई. मी तिथे उभी राहिले म्हणून पडले. सहा वर्षांपूर्वीही तिथेच पडत होते."

"म्हणजे इस्त्री?" बाई म्हणाल्या. "अगं, पण कोरी इस्त्री. जुनी होती तेव्हाही डाग, नवी आणली तरी डाग. एक तर हात, नाहीतर इस्त्री, आणि आता म्हणता दोन्ही नाही."

"दोनच कशावरून?" कशावरून म्हणाली.

आम्ही चौघींनी त्या जागेकडे नीट पाहिलं, बहुधा पहिल्यांदाच. टेबल, गादी, इस्त्री, इस्त्रीला वाफ आणणारी रबरी नळी. नळी जिथून निघते तो पाइप. तो बॉयलरपासून भिंतीला धरून आत्यांवरून, माझ्यावरून येतो आणि खिडकीपाशी संपतो. पुढे काही नाही, नुसतं बूच.

"वाफ थंड झाली की पाणी होतं," आत्या सावकाश म्हणाल्या. "रात्रभर बॉयलर बंद. ते पाणी जाणार कुठे? टोकाला."

"आणि पाइप लोखंडी," मी म्हटलं.

बाई उठल्या, पाना आणला, वाफ बंद केली. आम्ही म्हटलं, माणूस बोलवा. त्या ऐकेनात. बूच दोनदा फिरलं, तिसऱ्यांदा सुटलं, आणि चहासारखं तांबूस पाणी सरळ बाईंच्या पांढऱ्याशुभ्र एप्रनवर आलं. गळ्यापासून गुडघ्यापर्यंत.

पाणी टपटपत राहिलं.

"बाईंचा हात अजून बसला नाही वाटतं," आत्या म्हणाल्या.

मला वाटलं, आता काही खरं नाही. पण बाईंच्या खांद्यांना आधी हिसका बसला, मग दुसरा, आणि त्या हसत आहेत हे कळायला आम्हाला वेळ लागला. हसता हसता त्या पुन्हा टोपलीवर बसल्या आणि हसणं थांबलं तरी उठल्या नाहीत. पाना हातातच होता.

"चौघीजणी," त्या म्हणाल्या. थोड्या वेळानं आत्यांना विचारलं, "ती शेवटची, केसांत काळी पिन लावायची ती, आता कुठे असते? तुला ठाऊक असेल."

"सूतगिरणीच्या कॅन्टीनमध्ये. का?"

"काही नाही. पत्ता लिहून ठेव."

जाताना त्यांनी कशावरूनच्या टेबलावरचं पिवळ्या दोऱ्याचं रीळ उचलून पाहिलं. "हे संपत आलंय. नवं मागवून घे, मोठं," एवढंच. दुपारी मामंजी विचारायला आले तेव्हा आत्यांनी त्यांना मोठ्या रिळाचं सांगितलं. त्यांना अर्थ लागला नाही, पण सूनबाईचा चेहरा पाहून ते पुन्हा भिंतीपाशी जाऊन बसले.

शुक्रवारी हॉटेलची गाडी भरून गेली. पाइपाच्या टोकाला आता तोटी बसवली आहे. सकाळी ती उघडून स्वच्छ वाफ येईपर्यंत तांबूस पाणी बादलीत सोडायचं. ते काम मी मागून घेतलं, कारण त्याला बोलावं लागत नाही. बाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात की पाइपाचा संशय त्यांना पहिल्यापासून होता. आत्या विचारतात, "कशावरून?" आणि बाई जिना चढून जातात.

परवा मी तोटी उघडून उभी होते. कशावरून शेजारी आली, बादलीतल्या पाण्याकडे पाहत राहिली आणि अगदी हळू म्हणाली, "ताई, रागावू नका. पण तुम्हीच सांगितलंत, डाग शिंकरीच्या जाण्यानं गेले. मग तुमचं हे मौन आता कशासाठी?"

मी घड्याळाकडे बोट दाखवलं. ती हसून आपल्या जागेवर गेली. दहा वाजता ती विसरणार नाही, हे मला माहीत होतं. नेम मी सोडणार नव्हते, हेही माहीत होतं. फक्त त्याचं कारण शोधायचं होतं, खरं कारण, तिच्या पुढच्या प्रश्नाला टिकेल असं. आणि त्यासाठी माझ्याजवळ दहापर्यंतची, जवळजवळ दोन तासांची शांतता होती.