वरून ऐकलेली क्नाइपे

विभावरीबाई आयुष्यात कधी गुत्त्याची पायरी चढल्या नव्हत्या, आणि आता जर्मनीतल्या कायझर्सलाउटर्न गावच्या त्रेचाळीस बंद पडलेल्या गुत्त्यांचा इतिहास त्यांच्याच गळ्यात पडला होता. गुत्ता म्हटलं की त्यांचा मुलगा कबीर चिडायचा. क्नाइपे म्हण, असं जर्मनमधून बजावायचा. बरं बाबा, क्नाइपे. शेजारपाजारचे लोक संध्याकाळी पेलाभर बिअर नाहीतर वाइन घेऊन पत्ते कुटत बसायचे, ती कोपऱ्यावरची जागा. आता तिथे कुठे मोबाइलचं दुकान आहे, कुठे नखं रंगवून देतात, तर कुठे नुसतंच पार्किंग.

बाईंनी जन्मभर घरी बसून भाषांतरं केली. त्यांचं जर्मन व्याकरण जर्मन माणसाला खाली बघायला लावेल असं. त्यामुळे दोन वर्षांपूर्वी त्या गावाच्या इतिहास मंडळात जायला लागल्या, तेव्हा बंद पडलेल्या क्नाइपेंवरची पुस्तिका लिहिण्याचं काम आपसूक त्यांच्याकडे आलं. प्रत्येक क्नाइपेचा एक फॉर्म होता. नाव, रस्ता, मालक, आठवणी, आणि शेवटी एक रकाना: बंद होण्याचं कारण. बेचाळीस फॉर्म भरून झाले. त्रेचाळिसावा महिनाभर टेबलावर कोरा पडला होता. त्याच्यावर नाव होतं 'त्सुम क्रूग', मालक वेर्नर लाउअर. ती का बंद पडली ते बाईंना पक्कं ठाऊक होतं. त्यांनीच तर ती बंद पाडली होती.

गोष्ट तीस वर्षांपूर्वीची. बाईंचे यजमान शिरीषराव इथल्या संशोधन संस्थेत नुकते लागले होते, आणि क्रूगच्या बरोबर डोक्यावर त्यांचं दोन खोल्यांचं बिऱ्हाड होतं. कबीर चार महिन्यांचा. पोट दुखून संध्याकाळभर किंचाळायचा. खालून हसण्याचे आवाज यायचे, फासे आपटल्याचे यायचे. तेही एक वेळ चाललं असतं. पण मधूनच कोणीतरी टेबलावर मुठीने ठोकायचं. टकटक. जरा वेळाने पुन्हा टकटक. बाईंनी मनाशी हिशोब मांडला: आपलं पोर रडलं की खालून ठोकतात. परदेशातून आलेलं बिऱ्हाड नकोय यांना. एकदा हे डोक्यात बसल्यावर प्रत्येक ठोका त्यांच्या काळजावर पडायला लागला.

तेवढ्यात शेजारच्या इमारतीतली एक बाई तक्रारअर्ज घेऊन आली. विभावरीबाईंनी तो नीट वाचला, सही केली, नवऱ्यालाही करायला लावली. क्रूगला दहाच्या आत दार लावायचा हुकूम झाला. गिऱ्हाइकं दुसरीकडे पांगली आणि वर्षभरात वेर्नर लाउअरने कुलूप घातलं.

आणि मग दोन वर्षांपूर्वी, मंडळाच्या पहिल्याच बैठकीत एक म्हातारे गृहस्थ लवकर उठले. त्यांनी टेबलावर बोटांच्या सांध्यांनी दोनदा वाजवलं आणि निघून गेले. बाईंनी शेजारणीला विचारलं, हे रागावले का? शेजारीण म्हणाली, "छे, निरोप घेतला त्यांनी. भरल्या टेबलावर एकेकाचा हात कुठे हातात घेत बसणार? वाजवलं की सगळ्यांना पोचलं." म्हणजे खालची ती टकटक हीच. शिरीषरावांच्या कँटीनमध्ये हे रोज वाजत होतं. पण ते घरी येऊन सांगतील तर नवरे कसले.

आता वेर्नरच्या मुलीचं, हाइकेचं पत्र आलं होतं. गुरुवारी येते. बाबांच्या क्नाइपेचा एक फोटोसुद्धा माझ्याकडे नाही, कोणाला काही आठवत असेल तर ऐकायचंय. पुस्तिका शुक्रवारी छापायला जाणार होती.

"झाकली मूठ सव्वा लाखाची," शिरीषराव म्हणाले. "मालकाचं वय झालं होतं, असं लिही आणि मोकळी हो."

"अहो, सत्तेचाळीस वर्षांचे होते ते."

"मग कारण अज्ञात, असं लिही. त्या मुलीला दुखवून काय मिळणार आहे तुला?"

"अज्ञात कसं लिहू? मला माहिती आहे ना."

शिरीषरावांनी वर्तमानपत्र तोंडापुढे धरलं. सही त्यांचीही होतीच.

गुरुवारी चार वाजता मंडळाच्या खोलीत हाइके आली. पंचेचाळिशीची, हॉस्पिटलात नर्स. कोट न काढताच बसली. "क्नाइपेच्या शेवटच्या दिवशी बाबांनी मला मुद्दाम आजीकडे पाठवलं," ती म्हणाली. "मरेपर्यंत त्या दिवसाबद्दल एक शब्द बोलले नाहीत. त्या दिवशी होते त्यांच्यातलं आता कोणीच राहिलं नाही. म्हणून म्हटलं, इथे विचारावं."

बाईंच्या जिवावर आलं होतं. पण कॉफी ओतून झाली आणि हाताला दुसरं काही काम उरलं नाही. त्यांनी सांगून टाकलं. वरचं बिऱ्हाड आमचं. अर्जावर सही माझी. ते ठोकणं आम्हाला हाकलण्यासाठी आहे, असं मी धरून चालले होते.

हाइकेने कप बाजूला सरकवला. मग म्हणाली, "बाबा नंतर पंधरा वर्षं गोदामात खोकी उचलत होते. तुम्हाला एकदा खाली येऊन विचारावंसं वाटलं नाही? मध्ये एक जिना तर होता."

"नाही वाटलं," बाई म्हणाल्या. "गुत्त्याची पायरी चढायची नाही, हे घरून शिकून आले होते. चूक झाली माझी. फार मोठी."

हाइकेने पर्स उचलली. बाईंना वाटलं, गेली ही. त्या घाईने म्हणाल्या, "पण शेवटचा दिवस मी ऐकलाय. पोराचे कान झाकून बसले होते आणि मोजत होते. सूड उगवतायत असं वाटत होतं मला. सव्वीस जणांनी वाजवलं. सव्विसावा गेल्यावर तुमच्या बाबांनी दार लावलं. पेले धुतले. एकेक खुर्ची उलटी करून टेबलावर ठेवली. मग खूप वेळ काहीच नाही. आणि मग दोन ठोके. अगदी हळू. खोलीत दुसरं कोणी नव्हतं."

हाइके उभीच होती. "कुठल्या टेबलावर?"

"खिडकीजवळच्या. वर आमचा पाळणा तिथेच होता."

"तिथे गिऱ्हाइकाला बसवत नसत ते," हाइके म्हणाली. "मी तिथे शाळेचा अभ्यास करायचे." मग ती खाली बसली आणि दोन्ही हातांत तोंड धरून रडली. बाईंना तिच्या पाठीवरून हात फिरवावासा वाटला, पण तो हक्क आपला नाही, हे त्यांना कळत होतं.

माफ केलं, असं हाइके म्हणाली नाही आणि बाईंनीही तसं मागितलं नाही. डोळे पुसून तिने तो कोरा फॉर्म पुढे ओढला, शेवटपर्यंत वाचला आणि बाईंकडे सरकवला.

"ते दोन ठोके आधी लिहा," ती म्हणाली.

विभावरीबाईंनी आठवणींच्या रकान्यात ते लिहिले, आणि मग शेवटच्या रकान्यात स्वतःचं पूर्ण नाव.