फ्रेम झाडून घ्या

माझी आत्या निराधार नाही. हे आधी सांगून टाकतो, मग बाकीचं.

तिचं नाव लंकाबाई. घोटीच्या पुढे तिचं गाव. तिथं तिची स्वतःची पिठाची गिरणी आहे, घर स्लॅबचं, खाली टाइल्स. मुलगा गोरक्ष इगतपुरीला रेल्वेत. सून अंजली वहिनी आत्याबरोबर गिरणी बघते. दोघी दिवसभर एकमेकींशी वाद घालतात आणि संध्याकाळी एकाच मोबाइलवर मालिका बघतात. आता यात निराधार कोण आहे ते मला कुणीतरी दाखवा.

आमच्या फोटो क्लबला मात्र दिसलं.

मी सातपूरला कंपनीत सीएनसी मशीन चालवतो. फोटोग्राफी यूट्यूबवर शिकलो, कॅमेरा सेकंडहँड. दीड वर्षापूर्वी क्लबमध्ये गेलो. कॉलेज रोडजवळ एका सोसायटीच्या हॉलमध्ये दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी मीटिंग असते. डॉक्टर, आर्किटेक्ट, रिटायर झालेले बँकवाले. अध्यक्ष राकेश सर, दातांचे डॉक्टर. माणूस वाईट नाही. मला लाइट कसा वाचायचा ते त्यांनीच शिकवलं, हे खरं आहे. पण त्यांची एक पद्धत आहे.

फोटो काढायच्या आधी ते म्हणतात, "फ्रेम झाडून घ्या रे."

म्हणजे काय? तर समोर जे जे 'डिस्ट्रॅक्शन' आहे ते उचलून बाहेर ठेवायचं. प्लास्टिकची खुर्ची, बाहेर. निळा ड्रम, बाहेर. मोटारसायकल, डिश टीव्हीची छत्री, कंपनीचं नाव छापलेला टी-शर्ट, सगळं बाहेर. एकदा त्र्यंबकच्या रस्त्याला एका आजोबांची क्रिकेटची टोपी काढून त्यांना सरांनी स्वतःच्या डिकीतला फेटा बांधला होता. हो, सरांच्या डिकीत कायम दोन फेटे असतात. तेव्हा मी हसलो होतो. आजोबा माझे कुणी नव्हते ना.

डिसेंबरमध्ये सर म्हणाले, "वाल्मीक, तुझ्याकडे कुणी गावी आहे का? एकदम ऑथेंटिक पाहिजे."

मी लगेच म्हणालो, "आहे ना सर, आत्या!"

मला फार भारी वाटलं. क्लबला पहिल्यांदा माझा उपयोग होत होता.

बारा जण चार गाड्यांतून गेलो. आत्या गिरणीतच होती. हाताला कोपरापर्यंत पीठ, नाकावर जाड भिंगाचा चष्मा. बघून हसली, "आरं वाल्या, वरात घेऊन आला का काय?" मी तिथंच एक फोटो मारला. मागे मीटरचा बोर्ड, कॅलेंडर, वहिनीचा हात डबा पुढे करताना. आत्या खळखळून हसतेय.

सर आत डोकावून म्हणाले, "इथं फार क्लटर आहे. बाहेर घेऊ."

बाहेर घर. घराला टाइल्स. सर तोंड वाकडं करून इकडेतिकडे बघत होते. शेवटी त्यांना शेजाऱ्यांचा पडका गोठा सापडला आणि त्यांचा चेहरा असा खुलला की विचारू नका. आत्याला तिथं नेलं. "आजी, जुनी साडी आहे का?" आत्याने गिरणी झाडताना नेसायची साडी नेसली. तिला नाटकात काम केल्यासारखं वाटत होतं, मजा येत होती. घड्याळ काढलं. चपला काढल्या. वहिनी मागे चहाचा ट्रे घेऊन उभी होती, तिला उज्वला मॅडम म्हणाल्या, "ताई, तुम्ही जरा तिकडे व्हाल का? फ्रेममध्ये येताय." वहिनी बाजूला झाली. बारा कप चहा तिकडे गार झाला.

मग सर म्हणाले, "चष्मा काढा आजी. चमकतोय."

आत्याला चष्म्याशिवाय चार हातांवरचं दिसत नाही. तिने काढला. आमच्या दिशेने बघत राहिली, पण नेमकं कुठं बघायचं तेच तिला कळेना. म्हणाली, "वाल्या, कुठं हाय रं तू?"

मी उत्तर दिलं नाही. मी बोललो असतो तर ती हसली असती आणि फोटो गेला असता. मी बटण दाबलं.

जानेवारीच्या मीटिंगमध्ये स्पर्धा होती. आमच्याकडे नावं झाकून, फक्त नंबर टाकून फोटो पडद्यावर लावतात. माझे दोन होते, चौदा आणि पंधरा.

चौदा म्हणजे गिरणीतला. सर म्हणाले, "कोणाचा आहे माहीत नाही, पण यात काय बघायचं? मीटर बघू, कॅलेंडर बघू, की तो कुणाचा तरी हात?" हॉल हसला. चार मार्क.

पंधरा पडद्यावर आला. सर खुर्चीवरून उठले. "डोळे बघा. फक्त डोळे बघा. या डोळ्यांत काही उरलेलंच नाही. ही बाई आपल्याकडे बघत नाहीये, ती नियतीकडे बघतेय."

अरे कसली नियती! ती मला शोधत होती. चष्मा सरांच्या खिशात होता!

साडेनऊ मार्क. पहिला नंबर. खोटं का बोलू, मी उठून सगळ्यांना नमस्कार केला. घरी जाताना गाडीवर गाणं म्हणत गेलो.

फेब्रुवारीत प्रदर्शन. फोटोंना नावं उज्वला मॅडम देतात, त्या आधी शाळेत मराठी शिकवायच्या. मी फॉर्मवर 'लंका आत्या' लिहिलं होतं. गुरुवारी निमंत्रण आलं व्हॉट्सॲपवर, आणि त्यावर माझाच फोटो, मोठा! इतका आनंद झाला की मी ते न वाचता स्टेटसला ठेवलं, आणि गावाच्या ग्रुपवर पण टाकलं. 'शनिवारी सगळ्यांनी यायचं.' आत्याला फोन करून सांगितलं, तुझा फोटो नाशिकला लागतोय, ये.

खाली लिहिलं होतं, 'निराधार'. छायाचित्र, वाल्मीक.

रात्रपाळी करून शुक्रवारी झोपलो होतो, गोरक्षदादाचा फोन आला. तो कधी चढ्या आवाजात बोलत नाही, तेव्हाही नाही बोलला.

"वाल्मीक, मी आईला सांभाळत नाही का?"

"काय झालं दादा?"

"मला कामावर विचारतायत. कळवणहून सासऱ्यांचा फोन आला होता. अंजलीला म्हणाले, सासूला उपाशी ठेवता का, आम्ही हेच शिकवलं का तुला. ती सकाळपासून रडतेय. तू काय टाकलंय ते बघ एकदा."

मी बघितलं. मग स्टेटस काढला, ग्रुपवरचंही डिलीट मारलं, पण तोपर्यंत ते लोकांनी पुढे पाठवलं होतं.

शनिवारी सकाळी नऊला हॉलवर गेलो. अकराला उद्‌घाटन. सर शिडीवर उभे राहून लाइट सरळ करत होते.

म्हटलं, "सर, तो फोटो काढा. नाहीतर नाव तरी बदला."

"बेटा, का?"

सगळं सांगितलं. सर शिडीवरूनच म्हणाले, "असं बघ, लोक तुझी आत्या बघत नाहीत. लोक एक भावना बघतात."

"सर, लोक माझी आत्याच बघतायत. अख्खं गाव तिला ओळखतं."

"गावातले थोडीच येणारेत एक्झिबिशनला."

हे ऐकून माझं डोकंच फिरलं. म्हणजे गाव ही फक्त आपण जायची जागा. तिथून इकडे कुणी यायचं नसतं. त्यांच्याकडे मोबाइल नसतो, त्यांना वाचता येत नाही, त्यांना जावई नसतात, व्याही नसतात, अब्रू नसते. त्यांना फक्त सुरकुत्या असतात!

उज्वला मॅडम मध्ये पडल्या. "वाल्मीक, चिडू नकोस. आपण 'एकाकी' करू या का? जरा सौम्य आहे."

"मॅडम, ती एकाकी पण नाही."

"अरे पण फोटोत दिसतेय ना तशी."

"दिसतेय कारण तिच्या सुनेला तुम्ही बाजूला उभं केलं होतं! चहा घेऊन आली होती ती!"

हॉलमधले सगळे बघायला लागले. सर खाली उतरले, माझ्या खांद्यावर हात ठेवला. "स्पर्धेला दिलेला फोटो क्लब लावू शकतो, नियम आहे, तू सही केलीयस. आणि हा तुझा पहिला मोठा फोटो आहे. चार मोठी माणसं आज तुझं नाव वाचणार आहेत. विचार कर."

मी विचार केला. ते पण सांगतो. पाच मिनिटं भिंतीजवळ उभा राहून मी खरंच विचार केला.

तेवढ्यात दारातून आत्या आली. जांभळी काठापदराची साडी, चष्मा, घड्याळ, केसांत गजरा. मागे अंजली वहिनी. तिचे डोळे सुजलेले होते.

आत्या सरळ फोटोपुढे गेली. चष्मा वर करून जवळून बघितलं, मग खालचं कार्ड वाचलं. मोठ्याने वाचलं, तिला तशीच सवय आहे.

"निराधार." मग माझ्याकडे वळून, "म्हंजी मला सरकारचा निराधारांचा पगार चालू झाला का रं?"

दोघंतिघं हसले. ती पण हसली, पण अर्धंच. परत फोटोकडे वळली. "ही बाई लय आजारी दिसती. ही मी नाय."

वहिनीने कोपऱ्यातली प्लास्टिकची खुर्ची उचलून आणली, फोटोखाली ठेवली, आत्याला तिथं बसवलं आणि स्वतः शेजारी उभी राहिली. पदर खोचून, पोलिसासारखी.

अकरा वाजले. लोक यायला लागले. एक जोडपं फोटोपुढे थांबलं. बाई म्हणाल्या, "किती बोलका चेहरा आहे."

"बोलका?" वहिनी म्हणाली. "मग बोलून बघा ना. ही बसलीय. माझी सासू आहे. मी सून. आमची गिरणी आहे. गेल्या रविवारी यांना मटण पाहिजे होतं, मीच केलं, वर म्हणाल्या तिखट कमी आहे."

आत्या म्हणाली, "कमीच होतं."

जोडपं हसावं की पळावं अशा चेहऱ्याने उभं. पुढचा गट आला. वहिनीने पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. फोटो कुठं काढला, साडी कुठली नेसवली, चष्मा कुणी काढायला लावला. आवाज चढला नाही तिचा. एखादा पत्ता समजावून सांगावा तसं सांगत होती. हळूहळू बाकीचे फोटो सोडून सगळी गर्दी तिथंच. कुणीतरी पलीकडच्या फोटोतल्या फेटेवाल्या आजोबांकडे बोट दाखवून विचारलं, "मग हे पण असंच का?"

सर माझ्याजवळ आले. कानाशी म्हणाले, "तुझ्या घरच्यांना समजाव. प्रमुख पाहुणे येतील आता."

"तुम्हीच समजवा सर. त्या तुमच्याशी बोलतील."

सर गेले. "ताई, जरा बाजूला होता का प्लीज?"

वहिनी म्हणाली, "एकदा झाले ना बाजूला."

सरांनी माझ्याकडे पाहिलं, मॅडमकडे पाहिलं. खाली गाडी लागल्याचा आवाज आला. मग त्यांनी स्वतःच्या हाताने कार्ड ओढून काढलं. वहिनी तरी हलेना. तेव्हा फ्रेमही उतरवली, उलटी करून टेबलामागे ठेवली. जाता जाता मला म्हणाले, "पुढच्या मीटिंगला येऊ नकोस. ग्रुपमधून मी काढतोच." मी म्हटलं, "काढा."

मला वाटलं जिंकलो. आत्या आणि वहिनीला घेऊन बाहेर आलो, पायऱ्यांवर बसलो, छाती फुगवून म्हटलं, "बघितलं ना वहिनी, उतरवायला लावला की नाही."

वहिनी म्हणाली, "भाऊजी, इथल्या भिंतीवरचा उतरला. गावातला कोण उतरवणार? माझ्या वडिलांना कोण सांगणार?"

"मी टाकतो ना ग्रुपवर. आत्ता टाकतो."

आत्या रस्त्यापलीकडे उसाचा रस प्यायला गेली होती. मी टाइप केलं. सरांनी तिला दुसऱ्याच्या गोठ्यात कसं बसवलं, सरांनी जुनी साडी कशी मागितली, मॅडमनी नाव कसं बदललं, क्लब कसा चुकीचा आहे. रागात होतो, भराभर लिहिलं. चांगलं मोठं झालं.

वहिनी म्हणाली, "वाचून दाखवा."

वाचून दाखवलं.

तिने शांतपणे ऐकलं. मग विचारलं, "हा फोटो सरांनी काढला का?"

"नाही."

"ग्रुपवर सरांनी टाकला?"

"नाही वहिनी."

"आत्याबाई तुम्हाला हाक मारत होत्या. मी तिथंच होते ट्रे घेऊन. मला ऐकू आली. तुम्हाला नाही आली?"

खरं सांगतो, त्या क्षणी मला तिचाच राग आला. एवढं सगळं करून वर हे! मी क्लब सोडला, सरांशी भांडलो, अजून काय पाहिजे? ती समोर तशीच उभी राहिली.

मग मी सगळं पुसलं आणि नव्याने लिहिलं. छोटं झालं.

'गुरुवारी मी आत्याचा फोटो टाकला होता. तो खोटा आहे. मीच काढला. आत्या मला चष्म्याशिवाय शोधत होती, मला ऐकू आलं तरी मी गप्प बसलो, कारण मला तसाच फोटो पाहिजे होता. बक्षीस मिळालं तेव्हा मी घेतलं. गोरक्षदादा आणि अंजली वहिनी आत्याला नीट सांभाळतात. ज्यांनी ज्यांनी वहिनीला बोल लावले त्यांनी ते मला लावा. वाल्मीक.'

ग्रुपमध्ये दोनशे एकोणीस जण आहेत. त्यात माझे वडीलही आहेत, म्हणजे आत्याचे भाऊ. मी सेंड दाबलं.

वहिनीने स्वतःचा मोबाइल काढला. आलंय का ते बघितलं, सावकाश पूर्ण वाचलं, कळवणला वडिलांना पुढे पाठवलं. आणि मग रस्त्यापलीकडे हाक मारली, "आत्याबाई, चला, बस जाईल."