मळेवाल्याची मिशी

बाबांना जाऊन तीन महिने झाले. त्यांची आठवण आली की मला आधी त्यांची मिशी दिसते. खरी नव्हे, डिंकाने चिकटवलेली.

१९९८ साली बाबा शारजाच्या औद्योगिक क्षेत्रात एका गॅरेजचे फोरमन होते. सगळे त्यांना राजाभाऊ म्हणत. इंग्लंड आपले चोर आणि बंडखोर जहाजांत कोंबून अमेरिकेला धाडत असे आणि तिथले तंबाखूचे मळेवाले त्यांना सात-सात वर्षांसाठी विकत घेत, हे मी त्यांना माझ्या कॉलेजच्या पुस्तकातून वाचून दाखवलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी गणपतीच्या कार्यक्रमासाठी त्यावर नाटुकलं लिहिलं. अतिशय गंभीर.

मळेवाला स्वतः बाबा. मुख्य कैदी केरू, चिपळूणकडचा, गाड्यांचे पोचे काढणारा. त्याची मुलगी दोन वर्षांची होत आली होती आणि त्याने तिला फक्त फोटोत पाहिलं होतं. दोन वर्षांनी मिळायची ती सुट्टी मे महिन्यातच लागू झाली होती. पण त्याचा पासपोर्ट गॅरेजचे मॅनेजर मुश्ताकसाहेब यांच्या कपाटात, आणि साहेब दर वेळी ‘बघू’ म्हणत.

तालमी म्हणजे नुसता गोंधळ. मळेवाला कैद्यांचे दात तपासतो, असं बाबांनी लिहिलेलं. पण ते जवळ गेले की गॅरेजमधलेच पाचही कैदी बाही वर करून दंड पुढे करत. इथे कामावर घेण्याआधी रक्त तपासतात, दात कोण बघतं? मुदतीआधी पळून आलेल्याला इंग्लंडात फाशी देत, हे ऐकून केरू म्हणाला की आपल्याकडे निदान नुसता बॅन बसतो, परत इथे कामाला येता येत नाही एवढंच.

प्रयोगाला मुश्ताकसाहेब प्रमुख पाहुणे, पहिल्या रांगेत. लिलाव सुरू झाला. बाबा मिशी सावरत गरजले, “सात वर्षं!” इथे केरूने कोसळून हंबरडा फोडायचा होता. त्याने गळ्यातली साखळी नीट केली आणि शांतपणे विचारलं, “शेठ, सुट्टी किती वर्षांनी?”

हॉल हशाने फुटला. बाकीच्या कैद्यांना चेव आला. शुक्रवारच्या सुट्टीलाही काम आहे का, जहाजाचं परतीचं तिकीट कंपनी देणार का, खोलीत किती जण, एसी चालतो का. लोक खुर्च्यांवरून घसरत होते. बाबांची अर्धी मिशी ओठावरून सुटली होती. ते रंगमंचाच्या कडेला आले. त्यांचाही पासपोर्ट त्याच कपाटात होता.

“मैं तो नौकर हूँ,” ते हिंदीत म्हणाले. “मळ्याचे मालिक उधर बैठे हैं. इस कैदी की छुट्टी मे महिने से बाकी है.”

सगळा हॉल मुश्ताकसाहेबांकडे वळला. हसून हसून त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. रुमालाआडून ते कसंबसं म्हणाले, “देंगे, इन्शाल्ला.”

केरू साखळीसकट खाली उतरला, थेट त्यांच्यासमोर उभा राहिला.

“साहब, दिन बोलो.”

मुश्ताकसाहेबांनी एकदा मागे वळून पाहिलं. चारशे माणसं उत्तराची वाट पाहत होती.

“जुमेरात,” ते म्हणाले. “खलास.”

केरू प्रेक्षकांकडे वळला आणि जणू कुणाला ऐकूच गेलं नाही अशा मोठ्या आवाजात म्हणाला, “गुरुवार.”