सातव्या दशांशाचा फरक

धम्मशीला परभणीच्या एका खासगी पूर-अंदाज केंद्रात काम करायची. पावसाचे आकडे आले की पूर्णा नदीला किती पाणी येणार, याचं गणित तिथला संगणक मांडायचा. चौसष्ट कोअरचं, म्हणजे चौसष्ट गणितं एकाच वेळी करू शकणारं नवं मशीन आलं, तरी पूर्वीसारखेच नऊ तास लागत. मशीनच खराब, असं सगळे म्हणायचे.

खोट मशीनमध्ये नव्हती. गणिताची तयार लायब्ररी, म्हणजे आयत्या आज्ञावलींचा संच, जुन्या, चार कोअरच्या प्रोसेसरसाठी बांधलेली होती. नव्या मशीनवर चार कोअर राबायचे, साठ नुसते बसून राहायचे. धम्मशीलानं चार महिने खपून ती लायब्ररी नव्या प्रोसेसरसाठी पुन्हा बांधली. काम पन्नास मिनिटांवर आलं.

केंद्रप्रमुख आदिनाथ सरांनी जुनं-नवं उत्तर शेजारी ठेवलं. "सातव्या दशांशाला फरक कसा?"

"सर, बेरीज चौसष्ट ठिकाणी वाटली की क्रम बदलतो, शेवटचा आकडा हलतो. नदीच्या पातळीत केसाएवढाही फरक पडत नाही."

"मंजुरी जुन्या उत्तराला आहे. जबाबदारी कोण घेणार? जुनंच लावा."

तिनं तीनदा समजावलं. चौथ्यांदा ते म्हणाले, "तुमची हुशारी घरी ठेवा." तिनं जुनं लावलं.

सप्टेंबरात एके सकाळी सहाला पावसाचे आकडे आले. अकराला नदीकाठच्या तिच्या गावाहून, चुडाव्याहून वडिलांचा, किशनरावांचा फोन आला. "पाणी शिवारात शिरायलंय. तुमच्याकडून सांगावा न्हाई, काही न्हाई! शेजारची कडूबाई म्हैस सोडायला गेली, ती अजून आली न्हाई."

अंदाज दुपारी तीनला निघाला. कडूबाईचं प्रेत तिसऱ्या दिवशी सापडलं.

चौकशी समितीपुढं धम्मशीलानं त्याच आकड्यांवर नवी लायब्ररी चालवून दाखवली. सातच्या आत उत्तर आलं असतं.

"हे लेखी कळवलं होतं?" अध्यक्षांनी विचारलं.

"तोंडी सांगितलं होतं."

आदिनाथ सर खिडकीबाहेर बघत होते. अहवालात आलं : मशीनची क्षमता अपुरी, मोठं घ्यावं.

त्या रविवारी ती चुडाव्याला, कडूबाईच्या घरी गेली. कडूबाईची लेक मनिषा तिची शाळेतली मैत्रीण. धम्मशीलानं काही न लपवता सगळं सांगितलं.

"म्हंजे तुला येत होतं," मनिषा म्हणाली.

"हो."

"अन् त्यांनी न्हाई म्हटलं, म्हून तू ठेवून दिलंस?"

मनिषा उठून आत गेली, ती बाहेर आलीच नाही. पुढं वाटेत गाठ पडली तरी ती पदर सावरून बाजूनं निघून जायची.