काकूंचे वजन

माझ्यावर पाय ठेवताना माणसे श्वास का रोखून धरतात, हे मला आजवर कळलेले नाही. श्वास रोखला म्हणून काटा मागे येत नाही, मित्रांनो. मी एक जुना वजनकाटा आहे, मला हे पक्के ठाऊक आहे. गोल तबकडी, तिच्यावर काच, काचेखाली लाल काटा आणि उभे राहायला खडबडीत काळे रबर, असा माझा थाट. रबराची एक कड उंदराने कुरतडली आहे. सध्या माझा मुक्काम कपाटाच्या तळाशी, जुन्या फलकांच्या गठ्ठ्याखाली असतो. त्यामुळे ऐकणारे कुणी भेटले की मी बोलून घेतो.

कारखान्यात माझी स्प्रिंग बसवणाऱ्या कामगाराने माझ्यावर लोखंडी ठोकळे ठेवून पाहिले आणि शेजारच्याला म्हणाला, "हा खोटं बोलायचा नाही." माझ्या आयुष्यातले ते पहिले कौतुक. मी ते फारच मनावर घेतले.

तिथून मी आलो तो वाचनालयामागच्या एका लांबट खोलीत. आठवड्यातून एकदा, संध्याकाळी, तिथे वस्तीतल्या लोकांसाठी आरोग्यवर्ग भरायचा. वर्ग घेणारी परिचारिका होती. तिला सगळे ताई म्हणत, तिच्याहून वडील माणसेसुद्धा. दवाखान्यातले काम संपवून ती तशीच धापा टाकत यायची, फळ्यावर मोठे ताट काढायची आणि त्यात भाजी किती, भात किती, हे खडूने आखून दाखवायची. मीठ, साखर, तंबाखू, रोजचे चालणे, सगळ्यांवर ती पोटतिडकीने बोलायची. ऐकायला मात्र बहुतेक रिकाम्या खुर्च्याच असायच्या.

मग एके दिवशी बस चालवणारे ड्रायव्हरकाका आले. त्यांचे पोट त्यांच्या आधी दारातून आत यायचे. काही आठवडे ताईचे ऐकून ते चालू लागले आणि एकदा माझ्यावरून उतरताच ओरडले, "ताई, काटा मागे आलाय! अहो, टाळ्या तरी वाजवा की!"

ताईने हसत टाळ्या वाजवल्या. पुढच्या खेपेला काका बायकोला घेऊन आले, मग शेजाऱ्यांना. तेव्हापासून रीतच पडली. ज्याचा काटा मागे येईल त्याला टाळ्या, आणि ज्याचा सर्वांत जास्त मागे येईल त्याने ताईशेजारच्या उशीच्या खुर्चीवर बसायचे. तिला मानाची खुर्ची म्हणत. त्या खुर्चीपायी लोकांनी काय काय केले! चपला, घड्याळे, पट्टे उतरवले. एका आजोबांनी तर कवळी काढून रुमालात बांधली. काटा पुढे गेला की फरशी वाकडी असल्याचा आरोप व्हायचा. पण खोली भरू लागली. काकांची तंबाखू सुटली, कित्येकांच्या घरी जेवताना मिठाची बरणी जागची हलेनाशी झाली. ताईने चांगलेच काम केले होते, हे आधीच सांगून ठेवतो. पुढचे ऐकून तिला बोल लावू नका.

शिवणवाल्या काकू आपल्या लेकीबरोबर यायच्या आणि नेहमी शेवटच्या रांगेत बसायच्या. अंगाने भरलेल्या. पहिल्यांदा माझ्यावर उभ्या राहताना त्या म्हणाल्या, "मोडला तर मला बोलू नका हं." दुसऱ्या कुणी हसण्याआधी आपणच हसून घ्यायची त्यांना सवय होती. वर्गातली माणसे बारीक झाली की आपले कपडे आत घ्यायला त्यांच्याकडेच टाकायची. "तुम्ही वाळता आणि माझं काम वाढतं," असे त्या म्हणायच्या. मूठ झिजून गुळगुळीत झालेली एक जड, काळी कात्री त्यांच्या पिशवीत कायम असे.

मग काकूंचाच काटा मागे येऊ लागला. आधी थोडा, मग दर आठवड्याला. टाळ्यांनी खोली दणाणायची. काकू लाजत लाजत मानाच्या खुर्चीवर जाऊन बसायच्या. आपला नेहमीचा हिरवा ड्रेस त्यांनी इतक्यांदा आत घेतला की शिवणीच्या आत कापडाची जाड पट्टीच झाली.

"काकू, कसली जादू केलीत?" कुणीतरी विचारले.

"जादू कसली! अन्नावरची वासनाच उडालीय. दोन घास खाल्ले की पोट भरतं."

"ही विद्या आम्हालाही शिकवा की!" ड्रायव्हरकाका म्हणाले. सगळे हसले. काकूही हसल्या.

मित्रांनो, काकूंनी सांगितले होते. भर वर्गात, सगळ्यांच्या देखत सांगितले होते. मला तोंड असते तर मी तेव्हाच ओरडलो असतो. पण मला फक्त आकडा दाखवता येतो, आणि आकड्याला तर टाळ्या मिळत होत्या.

त्या संध्याकाळी माझ्याशेजारी चपला घालताना लेक दबक्या आवाजात म्हणाली, "आई, एकदा डॉक्टरांना दाखवू या गं. पोट धरून बसतेस तू."

"गप बस. आजारी माणसाला मानाच्या खुर्चीवर बसवतात का कधी?" काकू म्हणाल्या. मग त्यांचा आवाज मऊ झाला. "जन्मात पहिल्यांदा कुणी माझ्यासाठी टाळ्या वाजवतंय. चार दिवस वाजू देत."

पुढे एकदा काकू माझ्यावर चढल्या त्या भिंतीला धरून. काटा पुन्हा मागे आला होता. टाळ्या सुरू झाल्या. ताईने शाबासकी द्यायला त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि तो हात तिथेच थबकला. हाताला नुसती हाडे लागली होती. ताईने दुसरा हात वर करून टाळ्या थांबवल्या. "काकू," ती म्हणाली, "उद्या सकाळी माझ्याबरोबर दवाखान्यात यायचं. काही कारण सांगायचं नाही."

पोटात गाठ होती. आधी कळले असते तर काही करता आले असते, असे डॉक्टर म्हणाले. आता जे पोटात राहील ते खा, अंगात थोडी ताकद आली तर पुढचे बघू.

मग ताई मला पिशवीत घालून दर आठवड्याला काकूंच्या घरी नेऊ लागली. आता सगळ्यांची नजर काटा पुढे सरकण्याकडे होती. लेक वाटी-चमचा घेऊन तासन् तास बसायची. काटा मात्र मागेच यायचा. एकदा ताईला रडू आवरले नाही.

"माझ्या डोळ्यांसमोर होत होतं, काकू. आणि मी टाळ्या वाजवत होते."

"वाजवल्यास म्हणून तर मी आठवडाभर खूश असायचे," काकू म्हणाल्या. "वेडी कुठली."

त्याच्या पुढच्या आठवड्यात काकू लेकीच्या आधाराने माझ्यावर उभ्या राहिल्या आणि काटा पुढे सरकला. थोडासाच, पण पुढे. मला तो भार लगेच कळला. तो माणसाचा नव्हता. काकूंच्या हिरव्या ड्रेसच्या खिशात काहीतरी जड लोंबत होते. ताई वाकून आकडा बघत होती, तेव्हा खिशातून डोकावणारी काळी मूठ तिलाही दिसली.

"बघ," काकूंनी विचारले, "निघालाय ना पुढे?"

ताईने मान वर केली. "निघालाय, काकू," ती म्हणाली आणि तिने टाळ्या वाजवल्या. लेकीनेही वाजवल्या. त्या छोट्याशा खोलीत दोघींच्याच टाळ्या बराच वेळ वाजत राहिल्या. त्यानंतर काकू माझ्यावर कधी उभ्या राहिल्या नाहीत.

वर्ग पुढे चालू राहिला. ताईने मानाच्या खुर्चीवरची उशी काढली आणि ती खुर्ची इतरांच्या रांगेत लावून टाकली. टाळ्या बंद झाल्या. आता कुणी काट्यावरून उतरले की ताई विचारते, "जेवण जातंय ना? झोप लागते? दुखत-खुपत नाही ना कुठे?" आणि उत्तर येईपर्यंत पुढच्याला बोलावत नाही. मुद्दाम काही न करता वजन उतरले असे कुणी म्हणाले, तर ड्रायव्हरकाका चेष्टा करत नाहीत. स्वतः हाताला धरून त्याला दवाखान्यात नेतात.

माझी स्प्रिंग पुढे सैल झाली, उजेडाचे आकडे दाखवणारा नवा काटा आला आणि मी कपाटात गेलो. त्याबद्दल माझी तक्रार नाही. तुम्ही भरपूर चाला, भाज्या खा, तंबाखूच्या वाटेला जाऊ नका, वजनही करा. एवढीच विनवणी आहे की तुमच्या घरात कुणी काट्यावरून उतरले, तर आकडा वाचून झाल्यावर त्या माणसाच्या तोंडाकडेही बघा आणि दोन प्रश्न विचारा.

काकूंची लेक आता ताईच्या हाताखाली वर्गाचे काम बघते. परवा कपाट आवरताना तिने मला बाहेर काढले आणि ओढणीने माझी काच पुसली. मग आपल्या पिशवीतून ती काळी कात्री काढून हळूच माझ्यावर ठेवली. काटा केसभर पुढे सरकला.

ती बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली. "एवढंच वाढलं होतं गं तुझं, आई," ती म्हणाली, आणि खोलीत कुणी नसताना तिने टाळ्या वाजवल्या.